ओतारीबाईंची अट

ओतारीबाईंनी बाभळीच्या सावलीत तरट अंथरलं, त्यावर फतकल मारली आणि शेजारची जागा थोपटली.

"बसा म्हेत्रेबाई."

"बसते हो. एवढं तंबूचं बघून येते."

"अट काय ठरलीय?"

मी मुकाट्यानं बसले. अट ठरली होती खरी. पोरींना काही लागलं, रक्त आलं, तरच उठायचं. नाहीतर संध्याकाळी शेकोटी पेटेपर्यंत तरटावरून हलायचं नाही, हाक मारायची नाही, खाकरायचं नाही आणि डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत. हे शेवटचं कलम त्यांनी मला ओळखूनच घातलं होतं. माझ्या नुसत्या बघण्यानं वर्ग गप्प होतो, अशी शाळेत माझी ख्याती होती.

मी तेव्हा विट्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि गाईडचं पथक चालवायची. गाईड म्हणजे मुलींचं स्काउट. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, दोराच्या गाठी, शिट्ट्या, प्रथमोपचार आणि वर्षातून दोनदा डोंगराखाली शिबिर. ओतारीबाई साऱ्या जिल्ह्याच्या गाईड संघटक. मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या आणि आपल्या जागी त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. शाळा सोडून पूर्णवेळ नोकरी. शिराळ्याच्या चिखलापासून जतच्या फुफाट्यापर्यंत एसटीनं जिल्हा पालथा घालायचा, मुख्याध्यापकांच्या विनवण्या करून शाळाशाळांत पथकं काढायची, शिक्षिकांना शिकवून तयार करायचं, मेळावे भरवायचे. रविवार गेले, सणवार गेले, आणि स्वतःचं पथक तर आधी गेलं. संघटकाला ते सांभाळायला सवड कुठली?

मला ती नोकरी हवी होती. खोटं कशाला बोलू, कुणी विचारायच्या आधीपासून हवी होती. जतकडच्या एका शाळेत मी एकदा परीक्षक म्हणून गेले होते. नववीच्या पोरींना सहज विचारलं, "गावाबाहेर कुठं कुठं गेलाय गं?" तर एक म्हणाली, "आजोळी." दुसरी म्हणाली, "मी पण." तिसरी नुसती हसली, तिचं आजोळ गावातच होतं. त्या पोरी माझ्या डोक्यातून काही केल्या जाईनात.

घरची अडचण नव्हती. आमचे हे दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात. म्हणाले, "तू घरी असलीस तरी घरी कुठं असतीस? जा." सासूबाईंनी तर देवापुढं साखर ठेवली. "जा बाई. निदान आम्हाला शिट्टीवर उठवायचं तरी बंद होईल."

अडलं होतं ते पथकापाशी. मी गेले की पथक बंद, हे उघड होतं. शाळेतल्या दोघींना विचारून बघितलं. एकीची कंबर आडवी आली, दुसरीचा नवरा. आणि समजा तिसरी कुणी मिळाली, तरी पोरींच्या बापांचं काय? मागवाले, टेम्पोवाले, सोनारकाम करणारे. दिवस मावळायच्या आत पोर घरात दिसली पाहिजे म्हणणारी माणसं. त्यांच्या दारी मी चपला झिजवल्या होत्या, घरोघरच्या चहानं पित्त वाढवून घेतलं होतं, तेव्हा कुठं पोरी डोंगरापर्यंत यायला लागल्या. आता जतच्या पोरींना बाहेर काढायला विट्याच्या पोरी घरात कोंडायच्या, हे कुठलं शहाणपण? पंधरा दिवस मी रात्रंदिवस तेच घोकत होते आणि भाजीत मीठ दोनदा टाकत होते.

ओतारीबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या पुढच्या शिबिराला येते मी. दिवसभर माझ्याशेजारी नुसतं बसायचं. संध्याकाळी काय ते ठरवा."

"बसून काय ठरणार?"

"ते संध्याकाळी."

अशा त्या. उंच, काटक, आवाज फौजदाराचा. एकट्याच राहायच्या. जिल्ह्यातले निम्मे कंडक्टर त्यांच्यासाठी पुढची जागा धरून ठेवायचे, प्रेमानं की धाकानं ते कंडक्टरांनाच ठाऊक.

तर मी बसले होते आणि समोर पोरी तंबू उभारत होत्या. तंबूचं तोंड बरोबर वाऱ्याकडं.

"वाऱ्याकडं तोंड केलंय," मी पुटपुटले.

"खाकरलात तुम्ही."

"पुटपुटले. पुटपुटायला बंदी नव्हती."

"आता आहे."

तेवढ्यात वारा आत शिरला. तंबू पुरीसारखा टम्म फुगला, खुंट्या पटापट निघाल्या आणि सगळा पसारा पोरींच्या अंगावर बसला. कापडाखालून खिदळण्याचा कल्लोळ. मग त्यातून एक डोकं बाहेर आलं, ते रिझवानाचं. रिझवाना तांबोळी, नववीतली, गुलाब तुकडीची नायिका, टेम्पोवाल्या हरूनभाईंची थोरली. तिनं चिमूटभर माती उचलून वर सोडली, कुठं उडते ते बघितलं आणि ओरडली, "अगं उलटा घातलाय आपण! फिरवा, फिरवा!"

तंबू फिरला. हे मी तिला शिकवलं नव्हतं. तंबूची दिशा मी कुणालाच कधी शिकवली नव्हती, कारण दर वेळी मीच ठरवून मोकळी होत असे. दोन शब्द सांगत बसण्यापेक्षा स्वतः केलेलं बरं, हा माझा स्वभाव. घरीही तसाच. म्हणून तर आमच्या घरात चहासुद्धा कुणाला धड करता येत नाही.

ओतारीबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

मग स्वयंपाकाची तयारी सुरू झाली. शिबिरातला स्वयंपाक बिनभांड्याचा. पातेलं नाही, तवा नाही, काही नाही. वांगी आणि रताळी निखाऱ्यात खुपसायची, कणीक काठीला गुंडाळून भाजायची, भाकरी तापल्या दगडावर टाकायची. पोरींना याचं भारी वेड. घरी चुलीपुढं बस म्हटलं की तोंड वाकडं करणाऱ्या पोरी इथं धुरानं डोळे लाल करून नाचायच्या.

रिझवानाच्या तुकडीची चूल आधी पेटली. दुसरी चूल पुष्पा चोथेच्या तुकडीची. पुष्पा सातवीतली, बारीक चणीची, पण पुढं पुढं करणारी. ती पोरींना घेऊन ओढ्यावर गेली होती. तिथून छान गुळगुळीत दगड आणून त्यांनी चूल मांडली आणि जाळ लावला. मी कौतुकानं बघत होते. मग मला दिसलं, दगड खालून काळपट आहेत. ओले आहेत. ओढ्यातल्या दगडात पाणी मुरलेलं असतं, विस्तवावर तापला की तो फुटतो. चुलीचे दगड दर वेळी मीच निवडायची, त्यामुळं हेही पोरींना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि फाडकन आवाज झाला.

राख उडाली, ठिणग्या उडाल्या, पुष्पानं किंकाळी फोडली. मी गुडघ्यावर उठले होते. ओतारीबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"रक्त दिसतंय?"

"अहो पण—"

"रक्त दिसतंय का, तेवढं सांगा."

रक्त दिसत नव्हतं. रिझवानाचा आवाज मात्र माळभर ऐकू येत होता. "मागं! सगळ्या मागं व्हा!" पोरी मागं पळाल्या. रिझवानानं पुष्पाला धरून तिचे हात उलटेसुलटे करून बघितले, तोंड बघितलं, डोळे बघितले. "काही झालं नाही. रडतीस काय? पाणी पी." मग एक लांब फोक घेऊन तिनं दुरूनच जळती लाकडं ओढून विस्कटली आणि सगळ्यांना तिथंच थांबवून ठेवलं. बराच वेळ कुणी चुलीजवळ गेलं नाही. निवल्यावर पोरी त्या फुटक्या कपरीभोवती उकिडव्या बसल्या.

"आतून ओला आहे गं!"

"आमचा का नाही फुटला?"

"तुमचे माळावरचे आहेत. वाळलेले."

"म्हणजे ओढ्यातले घ्यायचे नाहीत."

"आयला!" पुष्पा म्हणाली आणि रडता रडता हसली. शिबिरात 'आयला' म्हणायला बंदी होती. मी तेही ऐकून घेतलं.

मनगट सुटलं तेव्हा त्यावर ओतारीबाईंच्या बोटांचे वळ होते. "तुम्हीच जास्त घाबरला होता," मी म्हटलं.

"मी? छे!" असं म्हणून त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

माझी भीती अजून ओसरली नव्हती. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, ते मला ओळखू येईना. पोरी आमच्याकडं बघतही नव्हत्या. एवढा स्फोट झाला, पण एकीनंही "बाई!" म्हणून हाक मारली नाही.

सगळं थंड झालं, नवे दगड आले, चूल पुन्हा पेटली. आता अंड्यांची पाळी होती. कांदा मधोमध कापायचा, आतला गर काढून वाटी करायची, त्यात अंडं फोडायचं आणि ती वाटी निखाऱ्यावर ठेवायची. पोरींनी कांद्याला बुडाशी भोकं पाडली. अंडं फोडलं की निखाऱ्यावर चुर्र. दुसरं फोडलं, चुर्र. पोरी पोट धरून हसत होत्या, कुणाला दुखापत नव्हती, धोका नव्हता, फार तर अंडी वाया जात होती. मी शांत बसले होते. माझी मलाच शाबासकी द्यावी असं वाटत होतं.

शेजारून आवाज आला, "अगं असं नाही गं बायांनो!"

बघते तर तरट रिकामं. ओतारीबाई पदर खोचून चुलीकडं पळत होत्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण वासरू गोठ्यातून सुटावं तशी. "बुडाला धक्का लावायचा नाही! वरचेच पदर काढा. आण इकडं कांदा. ए बारके, राख पसर. अशी नाही, अशी!" मग त्या पोरींमध्ये उकिडव्या बसल्या त्या बसल्याच. एक अंडं झालं, दोन झाली. पुष्पानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या, की माळावर चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या. त्या हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मेळाव्यात स्टेजवर त्यांचा चेहरा कायम सरकारी.

मी एकटीच तरटावर. अट अजून पाळत होते, वेड्यासारखी.

ऊन कलल्यावर त्या परत आल्या. नाकावर काजळी, पातळाला ठिणगीचं भोक.

"अट मोडलीत," मी म्हटलं.

"अट तुमच्यासाठी होती." त्या धापा टाकत बसल्या. हातात पोरींनी दिलेलं अर्धं रताळं होतं, ते सोलत बसल्या.

"म्हेत्रेबाई, एक खरं सांगू? या नोकरीत पोरी लांबून दिसतात. ओळीत उभ्या, सलामी देताना. नावं कळत नाहीत. वीस वर्षांत मी एकीलाही कांद्यात अंडं भाजायला शिकवलं नाही. शिकवणाऱ्यांना शिकवलं. ते चांगलंच काम आहे, कमी लेखत नाही मी. पण हे नाही." त्यांनी चुलीकडं हात केला.

"मग मला कशाला ढकलताय त्यात?"

"कारण तुम्हाला हवंय ते. जतच्या पोरींबद्दल तुम्ही बोलता तेव्हा तुमचा आवाज बदलतो. आणि तुम्हाला बसता येतं. मला कधीच आलं नाही. जिथं जाईन तिथं पदर खोचून घुसायची आणि त्या शिक्षिका बाजूला उभ्या राहायच्या. मी निघून आले की पथक बंद. अशी कितीतरी पथकं मी माझ्या हातानं काढली आणि माझ्याच हातानं बुडवली."

"मीही तशीच आहे हो. घरात विचारा."

"आज नव्हतात."

मग त्या माझ्याकडं न बघता, रताळ्याशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "तुमचं पथक मी घेते."

"काय?"

"विट्यात माझी धाकटी बहीण आहे. तिची वरची खोली मोकळी आहे. मार्चनंतर मला काय काम? सांगलीत बसून माळा ओढू? अट तुमच्यासाठी घातली, पण परीक्षा माझी होती. या वयात पोरींच्या मागं पळता येतं का, आणि पोरी मला जवळ करतात का, ते बघायचं होतं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही पोरींना पढवून ठेवलं असतंत."

पढवलं असतंच.

खरं तर मला आनंदानं उडी मारायला हवी होती. पंधरा दिवसांचं ओझं त्यांनी चार वाक्यांत उतरवलं होतं. पण आधी आला तो मत्सर. माझ्या पोरी! माझी पुष्पा यांच्या कानात सांगते काय, आणि या हसतात काय! मला असं वाटतंय याची लाज वाटली आणि तरीही वाटत राहिलं.

"पोरींचे बाप नाही पाठवायचे," मी म्हटलं. कुठंतरी ते तसंच व्हावं अशीही इच्छा असेल, आता काय सांगू.

"येतीलच आता ते. विचारू," त्या म्हणाल्या.

शेकोटीला पालकांना बोलवायची आमची रीत होती. सूर्य डोंगराआड गेला तसा हरूनभाईंचा टेम्पो माळावर आला. त्यात पुढं पुष्पाचे वडील चोथेअण्णा आणि मागं सात-आठ बापे उभे. पोरींनी त्यांना बसवलं, पानांवर वांग्याचं भरीत आणि दगडावरच्या भाकऱ्या वाढल्या. चोथेअण्णा म्हणाले, "घरी असली भाकरी केली तर आई लाटणं फेकून मारंल, पण इथं ग्वाड लागती." गाणी झाली. मग मी उभी राहिले. गुळमुळीत बोलायची मला सवय नाही. मी सरळ सांगितलं, की मला जिल्ह्याचं काम सांगितलंय, मी गेले तर पथक या ओतारीबाई घेतील, तुम्ही पोरी पाठवाल का?

बापे एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी विडी विझवली. शेवटी हरूनभाई बोलले. भला माणूस, बोलताना नेहमी खाली बघायचे.

"बाई, राग मानू नका. या बाई मोठ्याच असतील. पण आम्ही पोरी धाडतो त्या तुमच्या तोंडाकडं बघून. रानात काय झालं, कोण पडलं-झडलं, तर म्हेत्रेबाई हाईत, ह्या भरवशावर. तुम्ही नसला तर अवघड हाय."

"अवघडच," चोथेअण्णा म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या.

ओतारीबाई बोलणार तरी काय, त्यांना तिथं ओळखत होतं कोण? माझ्या मनात आलं, झालं, संपलं. सोमवारी नकार कळवायचा. आणि नकाराचे शब्द जुळवायला लागले, तेव्हा मला कळलं, मला ही नोकरी किती हवी होती.

"अब्बा," रिझवाना म्हणाली.

"तू गप बस."

"नाही, ऐका तरी. आज दगड फुटला."

"काय फुटला?" चारपाच बापे एकदम उठले.

"चुलीचा दगड. ओढ्यातला होता, ओला. पुष्पी शेजारीच होती. कुणाला काही झालं नाही. मी सगळ्यांना मागं घेतलं, जाळ विस्कटला, गार होईपर्यंत कुणाला जाऊ दिलं नाही."

"मग बाई कुठं होत्या?"

"झाडाखाली. बसल्या होत्या."

"बसल्या होत्या?" हरूनभाईंनी पहिल्यांदाच वर, सरळ माझ्याकडं बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिवसभर बसल्या होत्या," रिझवाना म्हणाली. "तंबू आम्ही घातला. पडला, परत घातला. चूल आम्ही केली. तुम्ही खाताय ते भरीत आम्ही केलं. बाईंनी आज एका कामाला हात लावला नाही." ती थांबली नाही. "आता बाईंच्या तोंडाकडं बघून नका पाठवू, अब्बा. आमच्या तोंडाकडं बघून पाठवा की."

हरूनभाई पोरीच्या तोंडाकडं बघत होते. काजळीनं माखलेलं, केस विस्कटलेले, स्कार्फ पाठीवर गेलेला. त्या माणसानं आपल्या पोरीला इतका वेळ असं कधी बघितलं नसावं.

"तोंड धू आधी," ते म्हणाले. मग घसा खाकरून ओतारीबाईंकडं वळले. "टेम्पो मीच आणणार. दुसऱ्याचा चालायचा न्हाई."

"चालेल," ओतारीबाई म्हणाल्या. फौजदाराचा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

चोथेअण्णांनी पुष्पाला जवळ ओढून तिचे हात पुन्हा एकदा उजेडात बघितले आणि मान डोलावली. बाकीचेही हो म्हणाले.

मी वाट बघत होते, एखादी तरी पोर रडेल, "बाई, तुम्ही जाऊ नका" म्हणेल. पोरी कौतुकानं रिझवानाची पाठ थोपटत होत्या. मग पुष्पा माझ्याकडं पळत आली. मी तिला जवळ घ्यायला हात पसरले.

"बाई," ती म्हणाली, "जतला जाल ना, तर तिथल्या पोरींना दगडाचं सांगू नका. त्यांचा त्यांना फुटू दे."

"वेडी का काय तू? सांगणार मी," मी म्हटलं आणि मला रडूच आलं, पण ते सुखाचं होतं, आणि ओतारीबाईंना मी तिथंच, सगळ्यांसमोर, हो म्हणून टाकलं.